दम सोडून मारलेली सर्व्हिस

आप्पा, तुमचं चुकलं होतं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी आज हे लिहितेय, कारण तुम्ही होतात तोवर तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

तुम्ही टेनिस क्लबात मार्कर, कोर्ट राखायचं आणि मेंबरांना खेळवायचं. पहाटे मातीचं कोर्ट भिजवायचं, रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेघा मारायच्या आणि मेंबर यायच्या आत माझ्याकडून शंभर सर्व्हिस मारून घ्यायच्या. त्याआधी मार्केट यार्डात हमाली केलेली, म्हणून सर्व्हिसही तुम्ही पोतं उचलायला शिकवावं तशीच शिकवलीत. "छाती भरून घे, दम धर, आन् हाण! दम सोडला की पोतं खाली आलंच समज." मी दम धरून हाणत राहिले, खांदा लाकडासारखा ताठ. निवड चाचणीत शेवटच्या गेमला माझ्या लागोपाठ दोन डबल फॉल्ट झाल्या. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पोरीचं मन कच्चं हाय." मी दारातच उभी होते. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

मग खांदा दुखावला आणि रॅकेट बंद झाली. तरी मी तुमच्यासोबत यायचे, बाकावर बसून डोळे मिटायचे. मनातच चेंडू वर टाकायचा, हात वर जाताना श्वास हळूहळू सोडायचा. तुम्ही रोलर थांबवून ओरडलात, "हितं झोपा काढायला आलीस व्हय? डोळं मिटून देव दिसतो, बॉल न्हाय!" दिसत होता आप्पा, शिवणीसकट दिसत होता. बरी होऊन कोर्टवर उतरले त्या दिवशी एकामागून एक सर्व्हिस चौकटीत पडायला लागल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "हाताला इसावा मिळाला की."

आता त्याच कोर्टवर मी शिकवते. पोरं आधी रॅकेट खाली ठेवून, डोळे मिटून बेसलाइनवर उभी राहतात. परवा एका पालकांनी विचारलं, "मॅडम, पोरगं टेनिसला धाडलंय का ध्यानाला?" म्हटलं, पटत नसेल तर घेऊन जा. घेऊन गेले. जाऊ देत!

रविवारी माझ्या एका मुलीची ऐन मोक्याला डबल फॉल्ट झाली. ती थांबली, डोळे मिटले, आणि पुढची सर्व्हिस श्वास सोडत मारली. थेट कोपऱ्यात. तिचं मन कच्चं नव्हतं. माझंही नव्हतं आप्पा, दम कोंडला होता, आणि तो तुम्ही कोंडायला लावला होतात.

नंतर तिनं विचारलं, "मॅडम, डोळं मिटल्यावर तुमाला कुणाची सर्व्हिस दिसती?" मी टीव्हीवरच्या एका मोठ्या खेळाडूचं नाव ठोकून दिलं. खोटं बोलले. मेंबर गेल्यावर पँट दुमडून, अनवाणी, तुम्ही एकटेच मारायचात ना, तीच दिसते. आणि आप्पा, मारताना तुम्ही दम धरत नव्हतात, "हूं" करून सोडायचात. हे पत्र पाठवता आलं असतं, तरी एवढं खोडूनच पाठवलं असतं.