मुख्याध्यापकांचं हिरवं छत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (शिडीवरून जमेल तेवढा). तुझा खोकला कसा आहे? आईचे गुडघे काय म्हणतात? इकडे रंगकाम उत्तम चाललंय; हे काम तरी टिकेल, असं आईला सांग.

गणिताच्या तासाला तुझी पोरं पेंगतात म्हणतेस, त्यावर औषध सापडलंय. आम्ही एका शाळेच्या खिडक्या रंगवतोय. आतल्या बाईंनी परवा टेबलावर तीन बंद डबे मांडले. खडू, गोट्या आणि बिया. पण डब्यांवरच्या तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या. एकच डबा उघडून तिन्ही ओळखायचे. अगं, पोरं बाकांवर चढली. खडूच्या चिठ्ठीखाली गोट्या निघाल्या. मग बियांच्या चिठ्ठीखाली बिया नाहीत, म्हणजे खडू, आणि उरल्या त्या बिया. मी ब्रश धरून असा रंगून गेलो की चौकटीबरोबर काचही रंगवली (बाई म्हणाल्या, बरं झालं, ऊन लागत होतं). आमच्या वेळी असं कुणी विचारलं असतं तर मी सहावीतून उठलो असतो का गं?

दुसऱ्या दिवशी आमच्याच पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या रंगाच्या डब्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली. ठेकेदार म्हणाला, पांढरा मुख्याध्यापकांच्या घरी धाड. पांढरं झाकण काढलं तर आत पिवळा. मग बाकीचे उघडायचे कशाला? हिरव्या झाकणाखाली हिरवा नाही, म्हणजे पांढरा. दिला धाडून. तिथले रंगारीकाका हुकमाचे ताबेदार, आला तो रंग लावून मोकळे. आता मुख्याध्यापकांच्या झोपायच्या खोलीचं छत हिरवंगार आहे. ते म्हणतात, आडवं झालं की तळ्याच्या तळाशी असल्यासारखं वाटतं, वरून कुणीतरी होडी वल्हवत जातंय. (ठेकेदाराला असलं काही वाटलं नाही.)

आज मी ती काच खरवडत होतो आणि आत बाईंनी माझीच फजिती फळ्यावर मांडली. रंगाऱ्याचं चुकलं कुठे? एरवी बाकावर डोकं टेकून झोपणारी एक मुलगी उठली नि म्हणाली, "पण सगळीच झाकणं चुकलीत, असं त्या दादाला सांगितलं कोणी?" वर्ग हसला. मीही हसलो, तशी शिडी हलली. तर हे कोडं तुझ्या पोरांना घालून बघ.

तुझा,
धाकटा

ता.क. रंगकाम उत्तम चाललंय हे खोटं नाही. ते आता माझ्याशिवाय चाललंय (काच खरवडणं हे शेवटचं काम), एवढंच. आईला तू सांग.

ता.क. शनिवारी येतोय. तुझ्या वर्गात मागचं एखादं बाक रिकामं असेल का? पेंगणार नाही. पाय तेवढे बाहेर येतील.