नुकसानीचा रकाना

१४ ऑगस्ट १९७६
अंडं पाहिलं! माळढोकाचं. एकच, उघड्यावर, खड्यांत. माझा पाय पडणारच होता, सिदूमामांनी दंडाला धरून मागे ओढलं. हे धनगर मामा तीन वर्षं ही जागा मनात ठेवून आहेत. अंडं असेतो इकडे कळप आणत नाहीत, कुत्रं बांधून ठेवतात. मला दाखवली, कारण मी वनखात्याचा!

१९ ऑगस्ट
माळ राखीव करायचा प्रस्ताव मीच लिहितोय. रकाना सात — स्थानिकांचे नुकसान. मी लिहिलं, चाळीस घरांची मेंढरं इथं चरतात. साहेबांनी कागद परत फेकला. नुकसान दाखवलं की भरपाई मागावी लागते, तिला पैसे नाहीत, मग प्रस्ताव पडतो आणि पाखरूही जातं. शिवाय चराईची पावती कुणाकडे आहे? निरंक लिही, म्हणाले.
त्यांच्या बोलण्यात खोट कुठे काढावी कळेना. पण जीव थाऱ्यावर नाही.

२० ऑगस्ट
लिहिलं. निरंक.

२ सप्टेंबर
सिदूमामा शहरात, शुक्रवार पेठेत माझ्या खोलीवर आले. मेंढीचं दूध घेऊन! माळ बंद करणार नाही ना, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघू. बघू म्हणे! स्वतःची किळस आली.

११ जानेवारी १९७७
मंजुरी आली. तारेचं कुंपण, चराईबंदी. साहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

३० मे
नव्या पेठेत मायाक्का भेटल्या, सिदूमामांच्या घरच्या. निम्मी मेंढरं विकली. उरलेली तारेबाहेरच्या खडकाळ पट्टीवर. मामा कसे आहेत विचारलं. 'बोलत न्हाईत लई,' म्हणाल्या आणि गर्दीत गेल्या.

९ ऑगस्ट
कुंपणात गवत कमरेएवढं झालंय. चारदा पालथं घातलं, पाखरू नाही. साहेब रोज विचारतात — अंडं सापडलं का?
एवढ्या गवतात पाखराला लांडगा तरी कसा दिसावा? मेंढरं माळ खुरटा ठेवत होती, फुकट. ते काम मी रकान्यात धरलंच नाही. मूर्ख!

१७ ऑगस्ट
पट्टीवर गेलो. माफी मागायची होती. सिदूमामाच आधी बोलले.
'अंडं हाय. तारंच्या भायेर, माज्या मेंढरांत. कुटं, ते ह्या बारीला न्हाय सांगनार.'

१८ ऑगस्ट
साहेबांना सांगितलं, पाखरू माळ सोडून गेलं. खरं सांगितलं असतं तर तार त्या पट्टीलाही पडली असती. आज झोप लागेल.