डावा हात राणीचा

मी, श्रीमती सरलाबाई बन्सीलाल बाविस्कर, वय सदुसष्ट, मूळ राहणार तालुका अमळनेर, हल्ली मुक्काम उधना, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि असं म्हणता म्हणता कागदांवर सह्या घेतात. मग मीही माझ्या कागदावर सही करूनच जाते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने आधी शेवटपर्यंत वाचावं, मग तोंड उघडावं. मसुदा योगेंद्र वकिलांनी तपासला आहे. त्यांनी खोडलेली वाक्यं मी परत लिहिली आहेत.

कलम १. घर

उधन्याचं रो-हाऊस माझ्या नावावर आहे. माझे यजमान पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते, मी घरी बसून साड्यांना लेस लावायची. त्यातून हे उभं राहिलं. हे घर माझा मुलगा चेतन आणि सून जयश्री यांना निम्मं-निम्मं. अट एकच. राणी जिवंत आहे तोवर घर विकायचं नाही. चेतनने अडाजणला एक फ्लॅट पाहून ठेवलाय, हे मला ठाऊक आहे. त्या बिल्डिंगमध्ये अंडं आणायलाही बंदी, मग कुत्रीचं काय विचारता! बाळा, लिफ्टची हौस जरा दमाने घे.

कलम २. राणी

राणी ही आमची कुत्री. मिलच्या मागे रंगाच्या पाण्यात पडलेलं पिल्लू यजमानांनी डब्याच्या पिशवीत घालून आणलं. पिशवीतून काढलं तर अंगभर राणी कलर! मी म्हटलं, अहो, कुत्रं आणलं की साडी? रंग आंघोळींनी गेला, नाव राहिलं.

आम्ही दोघं माळकरी. घरात कांदासुद्धा एकादशीला शिवत नाही. राणीला दूध-भाकरी घालायचो. पोरगी खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाली, पाठीवरचे केस गेले. पशुदवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हिला भाकरी सोसत नाही. मांस लागेल. पॅकेटचं खाणं आहे, पण महाग पडेल. कच्चं देणार असाल तर नीट शिकून घ्या, स्वच्छता सांभाळा."

त्या संध्याकाळी यजमान जेवले नाहीत. गळ्यातली माळ चाचपत ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता राणीला कुठेतरी सोडून येतील. मग उठले आणि म्हणाले, "माळ मन्हा गळामा शे, तिन्हा गळामा नही." चप्पल घालून सरळ लखनच्या चिकनच्या दुकानात गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसावर माझा इतका जीव त्याआधी कधी जडला नव्हता. लिहायला लाज वाटत नाही.

कोंबडीच्या माना आणल्या खऱ्या, पण सुरी हातात धरून नुसतेच बघत बसले. मी म्हटलं, द्या इकडे. उजव्या हाताने मी देवाला फूल वाहते, म्हणून सुरी डाव्या हातात घेतली. त्या हातातल्या बांगड्या काढून मागच्या दारच्या खुंटीला अडकवल्या. तेव्हापासून आमच्या घरात उजवा हात देवाचा, डावा राणीचा. यजमान गेल्यावर काढायला बांगड्याच राहिल्या नाहीत, पण हात तोच.

वकील म्हणतात, कुत्रीला मालमत्ता देता येत नाही. बरं, मग मालमत्ता म्हणून राणीच देते. राणी जयश्रीला द्यावी. चेतनला नाही. त्याचं प्रेम बिस्किटाच्या पुड्यातून बाहेर येतं, आणि त्याने तिचे कान पिकतात.

कलम ३. राणीचं जेवण

आपल्याला परवडतं तेच द्यायचं, पण बरोबर द्यायचं. लोक छातीचं मांस नेतात. माना, पंजे आणि पोटे लखनकडे स्वस्तात मिळतात. ताजंच घ्यावं, वास पाहून घ्यावं. आठवड्याचं एकदम आणून, वाटे करून, फ्रीजरच्या खालच्या कप्प्यातल्या निळ्या डब्यात ठेवावं. कलेजी थोडीच, जास्त झाली की जुलाब. अधूनमधून कच्चं अंडं. बाजार उठताना दुधी, गाजर, पालक भाव पाडून मिळतात, ते किसून मिसळावं. मीठ, मसाला, कांदा, लसूण अजिबात नाही. हाड कच्चंच द्यायचं. उकडलेलं हाड काचेसारखं फुटतं आणि आतडं फाडतं. माया येऊन कुकरला लावाल, तर मायाच जिवावर बेतेल. ती खात असताना जवळ बसावं. नंतर सुरी, पाट, फरशी कढत पाण्याने धुवावी आणि हात साबणाने.

मागच्या भिंतीवरचा बोका मला विचारून आलेला नाही. त्याला मी काही ठेवत नाही. पण कोंबडीची हृदयं त्याला लागतात, एवढं सांगून ठेवते.

कलम ४. उषाबाई

उषाबाई माझी थोरली नणंद. राणीचा वाटा घरात यायला लागल्यापासून तिने माझ्याकडचं पाणी वर्ज्य केलं. येते, पंख्याखाली बसते, सगळ्यांच्या चौकश्या करते आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढते. ज्या तांब्याच्या तांब्यातलं पाणी तिने नाकारलं तो तिलाच द्यावा. घासून, लखलखीत करून, वर पाणी भरून.

यापेक्षा मोठा हिशेब आहे, तो आता लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात मला पहिला झटका आला. चेतन म्हणाला, "आई, तू राणीची फिकीर नको करू, जयश्री दूध-बिस्किट देईल." मी आयसीयूत पडल्या पडल्या राणीच्या पाठीचे केस मोजत होते. जयश्रीला मी ओळखून होते. मी माना कापायला बसले की ती नाकाला ओढणी लावून खिडकीमागे उभी राहायची. मला वाटायचं, किळस करते.

नंतर वॉर्डात आणलं तेव्हा जयश्री मला पेज भरवत होती आणि उषाबाई उशाशी होती. उषाबाईची नजर गेली. जयश्रीचा उजवा हात बांगड्यांनी भरलेला, डावा भुंडा. सगळ्या वॉर्डासमोर ती ओरडली, "नवरा जिवत शे ना तुन्हा? मंग हात भुंडा काबरं? काही लाज?" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसली. जयश्रीने डावा हात ओढणीखाली घेतला आणि उजव्याने पेज भरवत राहिली.

पण मला दिसलं होतं. त्या हाताच्या बोटांना सुरीच्या मुठीचे फोड आले होते, वर हळद दाबलेली. उजव्या हाताची बाई डाव्याने सुरी चालवते तेव्हा असंच होतं. पेज संपली, मी बोलणार तोच नर्सने ऑक्सिजनचा मास्क परत तोंडावर चढवला. घरी आले तर राणीची पाठ चकचकीत, आणि खुंटीला हिरव्या बांगड्या. दवाखान्याच्या घाईत पोरगी परत घालायला विसरली होती. खिडकीमागे उभं राहून ती किळस करत नव्हती, शिकत होती.

मी विचारलं, आत्याबाईंना सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही एवढ्या आजारी, तिथं मांसाचा विषय कुठं काढू?"

म्हणून मास्क नसताना, शुद्धीवर, साक्षीदारांसमोर लिहिते. उषाबाई, माझ्या सुनेचा डावा हात भुंडा नव्हता, कामात होता. तिची माफी मागायची. तांब्या त्यानंतरच मिळेल.

कलम ५. पाटल्या

माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या जयश्रीच्या. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. सोमवारी दवाखान्यात जाण्याआधी मी स्वतः तिला घालीन, दोन्ही उजव्या हातात. डावा मोकळा राहू दे. कोणी विचारलं तर सांग, सासूने लिहून दिलंय.

कलम ६. आगारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने चुलीत घास टाकाल तेव्हा माझ्यासाठीही टाका. पुरणपोळी चालेल. राणीला मात्र पुरण घालू नका, आईच्या नावाचं म्हणूनसुद्धा नको. आधी तिचा वाटा, मग माझी आगारी. मी थांबेन.

लखनला काही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणाले. लखन म्हणाला, "मावशी, मला सहीच करू द्या."

ठिकाण: उधना, सुरत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. लखन दगडू खाटीक, चिकन विक्रेता, उधना
२. सुकदेव रामा खैरनार, शेजारी (राणीच्या मांसाने माश्या येतात ही तक्रार कायम ठेवून सही केली आहे)

लिहून ठेवणार: सरलाबाई बन्सीलाल बाविस्कर

सही उजव्या हाताने केली आहे. वकील म्हणाले, एवढं पुरे. पण शेजारी डाव्या हाताचा अंगठाही उमटवते. जयश्री, तुझ्या हाताला कोणी नाव ठेवलं तर हा अंगठा दाखव.