शेवटचे चार शब्द

२ जून
बजेटमध्ये माझं वाक्य घुसवलं. नॉर्डेनची शाळा वाचली म्हणायला हरकत नाही. मार्लिस तिथे चौथीला शिकवते, पण बायकोसाठी केलेलं नाही. गावासाठी केलं. आमदार आहे मी.

३ जून
डेलमार कुबियाक म्हणाला, पोरा, सरळ लिही, लहान शाळा चालू राहतील. सभागृहात म्हातारा झाला, पण भाषेला वजन नाही. माझं बघा: 'गावाने मतदान करून परवानगी दिल्याशिवाय राज्याला लहान शाळा बंद करता येईल, असे कोणीही समजू नये.' शेवटचे चार शब्द दाढी करताना सुचले. त्यांनीच दरारा येतो.

९ जून
डेलमार पुन्हा. म्हणे, गव्हर्नरच्या हातात पेन असतं हे विसरू नकोस. आमच्याकडे गव्हर्नरला बजेटमधले नकोसे शब्द खोडता येतात, हे हा मला शिकवणार. खोडता येतात, नवे घालता येत नाहीत. मग भीती कसली?

१४ जून
गव्हर्नर कॉरिडॉरमध्ये भेटले. वाक्य आवडलं म्हणाले, विशेषतः शेवट. खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. आपल्याच पक्षाचा माणूस.

२० जून, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण, तळलेले मासे. कुणी दोघे शाळेच्या जिमची मापं घेत होते म्हणे. रंगकाम असेल, मी म्हणालो. मार्लिसने बटाटे तसेच टाकले. उद्यापासून गोड बंद. बजेटवरच्या सहीच्या फोटोत पोट दिसता कामा नये.

२७ जून
मापंवाल्यांनी आज बॉयलरची चावी कुणाकडे असते ते विचारलं. मार्लिस म्हणाली, अरे, गव्हर्नरांना एकदा फोन तरी कर. करणार आहे. पण आत्ता केला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. ज्या पेनने सही करतात, ते गव्हर्नर आमदाराला भेट देतात. फ्रेमसाठी भिंतीत खिळा ठोकला. लिंबाच्या गोड वड्या खाल्ल्या, दोनच.

३ जुलै
सही झाली. पेन माझ्याच हातात दिलं, हसून. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या.
पार्किंगमध्ये डेलमारने वाचून दाखवलं. शेवटचे चार शब्द खोडलेत. वाक्य आता 'बंद करता येईल' इथेच संपतं. बाकी एकही शब्द बदललेला नाही, सगळं माझंच. गव्हर्नरची खोडाखोड फिरवायला सभागृहात दोन तृतीयांश मतं लागतात. डेलमार म्हणाला, तुझ्याकडे तू आहेस आणि मी.

५ जुलै
गव्हर्नरांना उद्या नक्की फोन करणार.
मार्लिस वर्ग आवरून आली. खोक्यांवर 'चौथी' लिहायला पेन मागितलं. खिशातून तेच निघालं. लिहीत राहिली. शेवटचं खोकं झाल्यावर म्हणाली, चांगलं चालतं हं तुझं पेन.
खिळ्याला टोपी अडकवली.