पतंगांसाठी अंधार

अल ऐन, मार्च १९६५

आदरणीय तय्यबमामूंना भाची बदरुन्निसाचा अदबीने सलाम. तुमचा गुडघा आता नमाजेला वाकतो का? मुमानीचा खोकला कसा आहे? आम्ही दोघं खुशाल आहोत, अल्लाचा शुकर. (खुशाल आहोत, पण आमच्या घरी मयत झाल्याचं इथे सगळीकडे पसरलं आहे. कुणी तिकडे कळवायच्या आत खरं ते लिहिते.)

इथे खजुरांच्या बागांतून फलज वाहतो, आपल्याकडच्या पाटासारखा. वाळू बघून डोळे शिणले, म्हणून त्याच्या काठच्या ओल्या गवताचा गड्डा मी बिस्किटाच्या डब्यात आणून लावला. गवत खाणाऱ्या अळ्या त्यात होत्याच. त्यांचे पतंग झाले. साळीच्या तुसाएवढे, रंगही तोच. पंख मिटून काडीला चिकटले की दिसतसुद्धा नाहीत. संध्याकाळी मात्र कंदिलावर झेपावतात आणि मरतात. आसऱ्याला आलेल्या जिवाला आपल्या हातून इजा होऊ नये, हे तुम्हीच मला ओट्यावर बसवून शिकवलंत. (मग कोंबडीचं काय, असं मी विचारलं होतं. तुम्ही पुढचा धडा काढलात.) म्हणून मी कंदील लावणंच सोडलं. तुमचे जावई दवाखान्यातल्या कामावरून आले की कंदिलाशी बसून महिन्यापूर्वीचं वर्तमानपत्र वाचायचे. ते काही बोलले नाहीत. अंधारात मासळी समजून लोणच्याची फोड चावली, तरी नाही.

बोलल्या त्या शेजारच्या कुलसुमखाला, श्रीवर्धनच्या. मगरिबनंतर घरात दिवा नाही म्हणजे कुणीतरी गेलं, असं धरून त्या रिवाजाप्रमाणे पुलावाचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच रडू लागल्या. मला वाटलं, त्यांच्याकडचं कुणी गेलं, मीही रडले. ते ऐकून "अम्मा गेली का?" म्हणत हे आतून धावले ते थेट डब्याला अडखळले. शेवटी कंदील लावला. सगळे पतंग उठून खालांच्या ओढणीवर आणि पुलावात.

"अगं, पण गेलं कोण?"

"कुणीच नाही, खाला. हे पतंग जाऊ नयेत म्हणून..."

"ह्या किड्यांसाठी मी रडले? तुझ्या मामूने तुला शिकवलं की वेड लावलं, पोरी?"

मयत नसताना मयताचं जेवण जायज आहे का, ते कळवा. (मी विचारात होते तोवर ह्यांनी पतंग वेचून पातेलं खरवडलं.)

तुमची,
बदरुन्निसा

ता. क. खरं काम राहिलंच. कंदिलावर घालायला बारीक जाळी कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर लगेच पाठवा. जाळी आली की दिवा लावीन, असा खालांना शब्द दिला आहे.

आणखी एक. दिवा नसल्यामुळे ह्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही. जेवण झालं की उंबऱ्यावर बसून माझ्याशी बोलतात. सध्या लहानपणी विहिरीत कसे पडले ते सांगत आहेत. अजून वर आलेले नाहीत. जाळीची घाई करू नका.