ऊन उतरवताना

शनि., २६ एप्रिल
हे सकाळीच कालवड घेऊन काष्टीच्या बाजाराला. दोनदा म्हटलं, टोपी घ्या. "ऊन काय आज बघतोय का?" दुपारी परतले ते ओट्यावरच बसले, डोकं धरून. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलंय. घाबरायचं न्हाई." काशाची वाटी काढली, तूप लावून तळपाय घासले. तूप काळं झालं. "बघ, उतरलं." अख्खी गल्ली त्यांच्याकडे ऊन उतरवून घ्यायला येते. मीही निश्चिंत. भाकरी टाकायला गेले.

रवि., २७
पहाटे हे मला 'आक्का' म्हणाले. आक्का ह्यांची बहीण. मग झटके. गाडी करून नगरला. आयसीयू.
डॉक्टर : "त्रास कधीपासून?" काल दुपारपासून. "आणि आत्ता आणताय?" म्हटलं, ऊन लागलं होतं, उतरवलं. त्यांनी कागदावर लिहिलं, उष्माघात. शाळेत दर उन्हाळ्यात हा शब्द मीच फळ्यावर लिहिते, खाली काय करावं, काय करू नये. घरात मात्र नुसतं ऊन. ऊन ऊन भात. आंघोळीला ऊन पाणी. बाळंतिणीला कोवळं ऊन. इतका घरातला शब्द, त्याची भीती कशी वाटणार? लाज वाटते. मास्तरीण म्हणे.

मंगळ., २९
शुद्ध नाही. किडनीवर आलंय, डायलिसिस चालू. सासूबाई बाकावरून हलत नाहीत, डबा तसाच. "तूप तर काळं झालं हुतं गं." सकाळपासून तेच. शेवटी ठणकावून सांगितलं, "आत्या, काशावर तूप कुणाच्याही पायाला काळंच होतं!" लगेच वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

गुरु., १ मे
दीर दवाखान्यात थांबले. कपडे न्यायला आम्ही दोघी कर्जतला घरी, भाड्याच्या गाडीने. दारातच शेजारची सुनंदा. दिवसभर कांदे काढून आलेली, तोंड लालबुंद, भिंतीला धरून उभी. "मावशी, ऊन लागलंय जणू. तेवढी वाटी घासता का?"
सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं नाही, त्यांनीच म्हणावं म्हणून. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला.
"गाडी गेली का गं? थांबव."
सुनंदा हसायलाच लागली. "दवाखान्यात? अवो मावशी, ऊन तर लागलंय नुसतं!"
तिला मध्ये बसवून निघालो. ह्यांना अजून शुद्ध नाही.