बरणीतलं बाजारचं बी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्याला गल्लीत 'बीवाले सर' म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे; डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला कोणी भरीला घातलेलं नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःची फार स्तुती केली होती.

१. गच्ची वगळून घर मुलीला. ती दूर राहते, विकेल. विकू दे. न्हाणीचं पाणी झाडांना नेणारी नळी घेणाऱ्याला दाखवावी. तिसऱ्या वळणावर तुंबते.

२. गच्ची, तिथली माती, पिंपं आणि मांडव धाकट्या बहिणीला. वकील म्हणाले, "तिने बाग चालू ठेवावी अशी अट घाला." अट घातलेली नाही. अट घालायला मला तोंड नाही.

३. वडिलांची वेतकामाची हत्यारं, म्हणजे सुरी, टोच्या आणि ठोकणी, तिलाच. प्रदर्शनात माझ्या नावाने मांडलेल्या टोपल्यांचे काठ तिने बांधले होते. काठ मला कधीच जमला नाही.

४. फडताळातली काकडीच्या बियांची बरणी कोणालाही देऊ नये. चिठ्ठीवरचं अक्षर वडिलांचं आहे, आतलं बी बाजारचं.

अकरा वर्षांपूर्वी वडिलांचं खरं बी मी गच्चीवरच्या माझ्या बागकामाच्या वर्गात सगळं वाटून मोकळा झालो होतो. वेलावर बियाण्यासाठी एकच काकडी राखली होती. ती पिवळी पडून वेलावरच वाळायला हवी होती. फोटो काढायला माणसं आली, तेव्हा मी ती हिरवीच कापून दाखवली. ते बी रुजलं नाही. ज्यांना ते बी दिलं होतं त्यांच्याकडे मागता आलं असतं. बहिणीच्या गॅलरीत तर फुटक्या बादलीत तोच वेल होता. पण बीवाल्या सरांनी बी मागायचं कसं? दुकानातून पाकीट आणलं, बरणीत ओतलं, आणि तेव्हापासून तेच 'आमच्या वडिलांचं' म्हणून वाटत आलो.

पहिल्याच वर्षी बहिणीने वर्गात फोड खाल्ली.

"दादा, ही आपली काकडी नाही."

"हिची आता जीभसुद्धा म्हातारी झाली," मी चाळीस जणांसमोर म्हणालो. सगळे हसले. तिने उरलेली फोड ताटलीत ठेवली.

"बरं. तू म्हणशील ती आपली."

पुढे मी हेही पसरवलं की तिच्या बादलीतलं बी संकराचं, बिघडलेलं आहे. लोकांनी तिचं बी टाकून दिलं. ती माझ्या घरी परत आली नाही. वर्गातले तर दर वर्षी माझ्याच बरणीतलं नेत आले. खरं बी आज फक्त तिच्याकडे असेल, किंवा कुठेच नसेल.

५. हे सर्व मी गेल्यावर वाचावं.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर. दिनांक ९ फेब्रुवारी.
(सही)
साक्षीदार: डॉक्टर, शेजारचे शिंपी. (शिंप्यांनी विचारलं, "सर, माझ्या मांडवावरची काकडी पण?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली.)

पुरवणी, दिनांक ११ फेब्रुवारी.

काल याची प्रत बहिणीला नेऊन दिली. तिने दारातच वाचली.

"गच्चीचं बघू. आणि हे तू मेल्यावर मी ऐकायचं? इतकी वर्षं तू गप्प का होतीस, असं लोक मला विचारतील. त्यांच्यासमोर बोललास ना, त्यांच्यासमोरच सांग."

"बी आहे का?"

"ते आत्ता विचारू नकोस."

म्हणून कलम ५ रद्द करत आहे. रविवारी गच्चीवर वर्ग आहे. कलम ४ मी स्वतः उभं राहून वाचेन. बहिणीला बोलावलं आहे. ती येते म्हणालेली नाही.

(सही)
साक्षीदार: तेच दोघे.